टोक वर ठेवलेली अंडी

माझ्या पोटात चार जाळ्या आहेत. एक पंखा, दोन तापणाऱ्या तारा, पाण्याचं एक पसरट भांडं आणि काचेतून वाचता येईल असा एक तापमापक. दाराच्या काचेला एक तडा आहे, त्यावर चिकटपट्टी लावलेली आहे. मित्रांनो, मी अंडी उबवणारी पेटी आहे आणि आता चांगलीच म्हातारी झाले आहे.

सुताराने मला फळ्या जोडून उभं केलं आणि गावातल्या वायरमनने माझ्यात वीज आणली. माझा मालक कोंबडीची पिल्लं विकायचा. गाव त्याला पिल्लूशेठ म्हणायचं. अंड्यांना एकवीस दिवस साडेसदतीस अंश ऊब लागते. त्यामुळे तो येता-जाता माझ्या काचेला नाक लावायचा. "आईसारखी आहे ही," तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "फक्त ओरडत नाही." आतून मालकीण म्हणायची, "त्याला मी आहे ना!"

मग साथ आली. बाजार बंद झाला, दाण्याची गाडी येईनाशी झाली. त्यातच कुणीतरी उठवलं की हा आजार कोंबड्यांमुळे होतो. ते साफ खोटं होतं, पण घरोघर पोचायला त्याला वेळ लागला नाही. नेमक्या तेव्हाच माझ्या चारही जाळ्या पिल्लांनी भरल्या होत्या. मालक टोपली घेऊन दारोदार फिरला. फुकट देत होता. महिनाभर आधी पिल्लं राखून ठेवायला सांगणारे लोक दार किलकिलं करून म्हणत, "शेठ, लांबून! लांबूनच बोला!"

दाणा संपला. पिल्लं तगली नाहीत. मालकाने त्यांच्यासाठी शेडमागे खड्डा खणला. परत आल्यावर त्याने स्वतःच्या हाताने माझी वायर काढली आणि माझ्यासमोर स्टूल टाकून बसला.

तो तिथून हलेनासा झाला. ताट भरलेलं परत जाई. एकदा त्याने फळीवर हात फिरवत विचारलं, "उंदरांचं औषध कुठे गेलं गं?"

मालकिणीने ते आदल्याच दिवशी पदराआड लपवून बाहेर नेलं होतं. "उंदीर आहेत कुठे? दाणा संपला, तेही गेले. तुम्हाला कशाला हवंय?"

"सहज."

ती हातातलं भांडं खाली ठेवून त्याच्याशेजारी बसली.

दवाखान्यातली नर्स घरोघर ताप मोजत यायची. मालकाच्या कपाळासमोर यंत्र धरून म्हणाली, "छान, ताप नाही."

मालकीण तिच्यामागे फाटकापर्यंत गेली. "ताई, जेवत नाहीत, झोपत नाहीत. उंदरांचं औषध शोधत होते. हे मोजायचं काही आहे का तुमच्याकडे?"

नर्स थांबली. "मोजायचं नाही वहिनी, पण बोलायचं आहे. मनाच्या डॉक्टरांचा नंबर देते. आणि शेठना एक क्षणही एकटं सोडू नका."

मालक आतून ओरडला, "मी काय वेडा आहे?"

मालकिणीने वाद घातला नाही. तिने अंगणात किडे टिपून तगलेल्या कोंबड्यांची अंडी गोळा केली, माझी वायर जोडली आणि जाळ्या भरल्या. तिने आजवर फक्त पाण्याचं भांडं सांभाळलं होतं. जाळ्या नेहमी मालकच भरायचा. तिने अंड्यांची निमुळती टोकं वर ठेवली.

मालकाने काचेतून आत पाहिलं. मग चिडून उठला. "उलटी ठेवलीस सगळी! हवा बोथट बाजूला असते. श्वास कुठून घेतील ती?" आणि एकेक अंडं सरळ करू लागला. कितीतरी दिवसांत तो एवढं बोलला नव्हता. मालकीण भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होती.

एकवीसपैकी निम्मे दिवस उलटले आणि एका दुपारी वाऱ्याने विजेचा खांब पडला. माझा पंखा थांबला. वायरमनच्या घरात आजारी माणूस होतं, त्यामुळे तो आपल्या गच्चीवरूनच ओरडला, "संध्याकाळ होईल रे!"

"छत्तीस झाले," मालकीण म्हणाली. "अहो, पस्तीस."

मालक स्टुलावर बसून राहिला. "जाऊ दे गं. जगली तरी घेणार कोण?"

"कुणी नाही घेतली तर आपण पाळू. पण मला एकटीला जमत नाहीये हो."

चौतीस झाले. मालक उठला. खिडकीतून त्याने वायरमनला हाक मारली, "तोवर काय करू रे?"

"मला काय विचारतोस? पिल्लूशेठ तू आहेस का मी?"

चुलीवर पाणी चढलं. गरम बाटल्या फडक्यात गुंडाळून माझ्यात ठेवल्या गेल्या, वरून गोधड्या आल्या. "सदतीस. बस, आता एक बाटली काढ, जास्त होईल," मालक म्हणाला. वीज येईपर्यंत तो हलला नाही. मालकिणीने तिथेच ताट आणून दिलं. एक डोळा तापमापकावर ठेवून तो जेवला. हात धुताना म्हणाला, "त्या ताईंनी दिलेला नंबर कुठे आहे?"

मित्रांनो, माझा तापमापक फक्त माझ्या पोटातलं सांगतो. तुमच्या घरात, शेजारी कुणी गप्प बसून राहिलं, तर नुसता ताप बघून परत फिरू नका. जवळ बसा, विचारा, मदत मागायला त्यांच्यासोबत जा. आणि ऐकीव गोष्ट पुढे सांगण्याआधी तिच्यामुळे कुणाच्या तरी पोटावर पाय येतो, एवढं आठवा.

एकविसाव्या दिवशी मालकाने दार उघडून मोजणी केली. अंडी चाळीस, पिल्लं सत्तावीस.