बेचाळीस देशांची बोटं मोजलेली दस्ती

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही. मी एक जुनी दस्ती आहे, खांद्यावर टाकायचा रुमाल. दीड हात लांब, दीड हात रुंद, लाल चौकड्यांची. आणि मी एक युद्ध थांबवलेलं आहे. हसा, हसून घ्या. तूबा, तूही हस. पुढं बसून असे डोळे बारीक करू नकोस, मला गोष्ट सुचत नाही.

माझा जन्म एका हातमागावर झाला. विणकरानं सूत इतकं घट्ट ओढलं होतं की माझ्यातून पाणीसुद्धा परवानगी घेऊन गळायचं. औशाच्या आठवडी बाजारात मला जिलानी दलालांनी विकत घेतलं, झटकलं आणि उजव्या खांद्यावर टाकलं. तेव्हापासून माझा मुक्काम तिथंच आहे. या घडीलाही मी त्याच खांद्यावर आहे.

जिलानी बैलबाजारातले दलाल. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक नसेल. घेणारा आणि दलाल हातात हात घेतात, वर दस्ती टाकतात, आणि दस्तीखाली बोटं दाबून सौदा करतात. एक बोट धरलं की दहा हजार. चार धरली की चाळीस. मूठ मिटली की नको. वर माणूस काहीही बोलतो. "काय वशिंड हाय! काय चाल हाय! असला बैल जिल्ह्यात न्हाई!" आणि खाली मूठ गच्च मिटलेली असते. वरचं सगळ्या बाजाराला ऐकू जायचं. खालचं फक्त मला कळायचं.

एकदा एका देवणी वळूचा भाव इतका चढला, की दोघांची मिळून वीस बोटं संपली. मग शेजारच्या माणसाचा हात उसना घ्यावा लागला. हे अगदी खरं आहे, तो वळू स्वतः तिथं उभा होता.

तेव्हा माझा थाट होता. लोक म्हणायचे, जिलानीच्या दस्तीखाली खोटं टिकत नाही. पुढं घरोघर ट्रॅक्टर आले. बैल कमी झाले. जिलानींचे गुडघे धरले, बाजार सुटला. मी खांद्यावर राहिले, पण काम बदललं. चष्मा पुसणे, मोबाईलची काच पुसणे, बसच्या बाकावर जागा धरणे. ज्या दस्तीनं हजारो सौदे बघितले तिनं बसमध्ये जागा धरावी! असो. रडगाणं गाणार नाही.

जिलानींचा मुलगा मोहसीन, म्हणजे आपल्या तूबाचे अब्बू. ते समुद्रापार वाळवंटातल्या एका बंदरावर क्रेन चालवतात. त्या देशाच्या शेजारी भांडण पेटलं. एक मोठा देश म्हणू लागला, मी फौज पाठवणार. टीव्हीवर रोज एकच चर्चा. या मोठ्या देशाच्या पाठीशी किती देश आहेत? कुणी म्हणे वीस, कुणी म्हणे तीस. शेवटी आकडा बेचाळीसवर येऊन बसला.

त्या सोमवारी मोहसीनचा फोन आला. "अब्बा, गुरुवारच्या विमानात जागा मिळून राहिली. पण जो गेला त्याच्या कामावर दुसरा माणूस घेणार म्हणतेत. येऊ का थांबू?"

"ये बेटा," बानोबी, म्हणजे तूबाची दादी, आतून ओरडल्या. "बाकीचं बघू मागून."

"जरा दम धर," जिलानी म्हणाले. "चौकशी करून सांगतो."

आणि औशासारख्या गावात जगाची चौकशी करायची तर एकच जागा, बसस्टँडसमोरचं संगमेश्वरचं हॉटेल.

तिथं सिद्रामप्पा आधीच तापले होते. सिद्रामप्पांचं बी-बियाण्याचं दुकान, जिलानींचे चाळीस वर्षांचे दोस्त. भजी टीव्हीकडं रोखून ते म्हणाले, "बेचाळीस देश! जिलानीभाई, बेचाळीस! आता कोण थांबवतंय? आठ दिवसांत बार उडतो बघा."

"बेचाळीसजण काय म्हणलेत अप्पा? येतो म्हणलेत का?"

"पाठिंबा हाय म्हणलेत."

"पाठिंबा तर मी पण देतो. संगमेश्वर, माझा तुझ्या भज्याला पाठिंबा हाय."

"खाणार का मग, चाचा?"

"न्हाई. पोट बिघडतं."

सगळं हॉटेल हसलं. सिद्रामप्पांना राग आला. "तुम्ही जगाच्या गोष्टीत थट्टा आणू नका. एवढे मोठे लोक टीव्हीवर येऊन सांगून राहिले, ते काय येडे हायेत?"

"येडे न्हाईत, शहाणे हायेत. म्हणून तर नुसते सांगून राहिले." जिलानींनी मला खांद्यावरून काढलं. किती वर्षांनी! माझ्या चौकड्या शहारल्या. "बाजारात बैलाला चांगला म्हणणारे शंभर असतेत अप्पा. घेणारे किती, ते दस्तीखाली कळतं. करा इकडं हात."

मग जो खेळ झाला तो ऐका. सिद्रामप्पा झाले एक बर्फाचा देश. संगमेश्वर झाला बेटांचा देश. रिटायर कंडक्टर व्यंकटी झाले एक तेलाचा देश. जिलानी झाले युद्धाला निघालेला मोठा देश. एक बोट म्हणजे एक हजार शिपाई. अट एकच. वर मोठ्यानं पाठिंबा जाहीर करायचा, आणि माझ्याखाली स्वतःच्या घरचं पोर पाठवायचं आहे असं समजून बोट द्यायचं.

"बेटांचा देश तुमच्या पाठीशी ठामपणे उभा हाय!" संगमेश्वर गरजला. खाली मूठ मिटलेली होती.

"आमचं तेल, आमचा जीव, सगळं तुमचं!" व्यंकटी म्हणाले. खाली एक बोट पुढं आलं. मग व्यंकटींना त्यांचा नातू आठवला असावा, बोट परत गेलं.

सिद्रामप्पांनी तर छाती ठोकली. "बर्फाचा देश शेवटच्या शिपायापर्यंत लढंल!" आणि खाली त्यांनी काय दिलं असेल? करंगळीचं टोक. नुसतं टोक. बाजारात त्याचा अर्थ होतो, घरी विचारून सांगतो.

जिलानींनी मला झटकून खांद्यावर टाकलं. "बघा अप्पा. तीन देश, आणि एक करंगळी. ती पण घरी विचारणार."

"अवो, पण आम्ही खरे देश थोडेच हावोत?" सिद्रामप्पा हात पुसत म्हणाले.

"माणूस माणसासारखाच असतो. कुणी येत न्हाई म्हणल्यावर तो मोठा देश एकटा कशाला जाईल? गिऱ्हाईक न्हाई, तर सौदा न्हाई. युद्ध व्हत न्हाई."

माझी छाती भरून आली. घरी येऊन जिलानींनी हा सगळा हिशेब बानोबींना सांगितला. बानोबी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

"बाजारात गिऱ्हाईक न्हाई मिळालं तर माणूस बैल घेऊन घरी जातो, हाव," त्या म्हणाल्या. "पण ज्याला भांडायचंच हाय, तो कधी मोजत बसतो का, संग कोण हाय म्हणून? तुमच्या भावानं बांधावर कुऱ्हाड काढली तेव्हा त्याच्या संग कोण व्हतं?"

जिलानी माझ्यानं चष्मा पुसू लागले. मीही ऐकलं नाही असं केलं. दस्तीचं बरं असतं, ती कानावर बांधता येते. त्यांनी फोन उचलला, मोहसीनला लावला आणि सांगितलं, "थांब बेटा. काही व्हत न्हाई. मी दस्तीखाली बघितलं."

आता इथून पुढं खरी मजा आहे, जवळ सरका.

संगमेश्वरनं आमच्या खेळाचा व्हिडिओ काढला होता. तो औशातून लातूरला गेला, लातूरहून दिल्लीला, दिल्लीहून थेट त्या मोठ्या देशात. दुसऱ्याच दिवशी औशाच्या किल्ल्याजवळच्या मैदानात हेलिकॉप्टर उतरलं. त्यातून टायवाला माणूस आला, जिलानींना सलाम केला आणि म्हणाला, तुमची दस्ती द्या, जगाला तिची गरज आहे. मला काचेच्या पेटीत ठेवलं. विमानात खिडकीची जागा दिली!

मोठी सभा भरली होती. बेचाळीस देशांचे बेचाळीस मंत्री. एकेकानं भाषण केलं, टाळ्या झाल्या, आणि मग एकेकाचा हात माझ्याखाली आला. गोरे हात, काळे हात, घामेजलेले हात, अत्तर लावलेले हात. पहिली मूठ. दुसरी मूठ. तिसरी मूठ. एकानं अंगठा दिला, पण तो दाखवायचा अंगठा होता. एकजण तर माझ्याखाली हात घालून हात पुसून गेला. बेचाळीस भाषणं झाली आणि एक बोट निघालं नाही.

मोठ्या देशाचा प्रमुख खुर्चीत मागं सरकला. त्यानं घाम पुसला, तोही मलाच. म्हणाला, "मग मी एकटाच जाऊन काय करू? जाऊ द्या. तोफा धुऊन ठेवा."

युद्ध रद्द झालं, मित्रांनो! बंदरावर भोंगे वाजले, लोक नाचले. आणि शुक्रवारी सकाळी लातूरहून येणारी बस थांबली, तर दारातून कोण उतरलं? आपला मोहसीन! एका हातात बॅग, दुसऱ्या हातात खजुराचा डबा. बानोबींनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला, सिद्रामप्पांनी साखर वाटली. म्हणून सांगते बाळांनो, घरातली जुनी वस्तू टाकून देऊ नका. तिला जपा, तिला विचारा, ती तुम्हाला कधी चुकीचं...

"खोटं हाय," तूबा म्हणाली.

ती दस्तीकडं नाही, दस्ती खांद्यावर टाकून गोष्ट सांगणाऱ्या जिलानींकडं बघत होती.

"हेलिकॉप्टर आलं म्हणा. मंत्र्यांनी हात घातले म्हणा. पण अब्बू आले न्हाईत, दादा. लढाई पेटली, विमानं अजून बंद हायेत. ते येऊ का म्हणून विचारत व्हते, तुम्हीच त्यांना थांब म्हणलात."