तळाचा घोट

आमच्या मेश्टिल्डचं लग्न जूनच्या पहिल्या शनिवारी, म्हणजे सहा दिवसांवर आलं होतं, आणि तिच्या काकाला अजून आमंत्रण नव्हतं. म्हणजे मी तीनदा दिलं होतं, पण माझ्या थोरल्या दिराचं, फोल्कमारचं, एकच पालुपद, "गेर्नोटनं स्वतःच्या तोंडानं बोलवावं." आणि गेर्नोटचं तोंड सहा वर्षं बंद. आपल्या द्राक्षवेलींवर सावली पडते म्हणून माझ्या या नवऱ्यानं भावाचं अक्रोडाचं झाड न विचारता तोडलं, आणि वर रुसूनही हाच बसला! "काका नसेल तर मी चर्चची पायरी चढणार नाही," असं लेकीनं बजावलं होतं.

त्या रविवारी दुपारी आम्ही थेक्लाच्या वाइनघरात जेवायला गेलो. तिथे आपलं टेबल असं काही नसतं. थेक्ला दाखवील त्या बाकावर बसायचं. तिनं नेमकं फोल्कमारच्या बाकाकडे बोट केलं.

"तिथे? त्यापेक्षा मी उपाशी राहीन," गेर्नोट म्हणाला.

"राहा की! लिव्हरचे गोळे शेवटच्या दोन ताटांपुरतेच उरलेत."

गेर्नोट मुकाट बसला. मध्ये मी.

एका बाकाला एकच पेला, अर्ध्या लिटरचा, हा आमच्याकडचा रिवाज. हातोहात फिरवायचा, आणि ज्याच्याकडून संपेल त्यानं पुढचा सगळ्यांसाठी मागवायचा. नाही म्हणायची सोय नाही.

"त्याला म्हणावं, मोहरीची वाटी सरकव," गेर्नोट माझ्या उजव्या कानात.

"त्याला म्हणावं, हात लांब आहेत की त्याचे. झाडापर्यंत पोचतात," फोल्कमार डाव्या कानात.

"त्याला म्हणावं, झाड आतून पोकळ होतं."

"त्याला म्हणावं, डोकंही."

दोघांची वयं मिळून एकशे तेहतीस. मी निरोप पोचवत होते, माझे गोळे गार होत होते.

मग पेल्यात बोटभर वाइन उरली. गेर्नोटनं ओठ टेकवले आणि पेला माझ्याकडे ढकलला. मी फोल्कमारकडे दिला. त्यानंही नुसते ओठ ओले केले. संपवला तर भावाला पाजावी लागेल ना! पाच वेळा तो पेला माझ्या नाकाखालून गेला. सहाव्यांदा माझं डोकं फिरलं. मी तो तळाचा घोट घटकन पिऊन टाकला आणि उठले.

"आता आपापली तोंडं वापरा. माझं दुखायला लागलंय."

गल्ल्यापाशी मी मुद्दाम पाठ करून उभी राहिले. थेक्लानंही पेला भरायला मुद्दाम उशीर लावला. मागून चमच्यांचे आवाज येत होते. सहा वर्षं मीच मध्ये निरोप्या होते. यांना बोलायची गरज पडणार तरी कशी!

"शनिवारी अकरा वाजता," अखेर गेर्नोट खाकरला. "ये." मग खालच्या आवाजात, "झाडाचं मी विचारायला हवं होतं."

"विचारलं असतंस तर कुऱ्हाड मीच काढून दिली असती, गाढवा," फोल्कमार म्हणाला. "येतो. सूट मार्चमध्येच शिवून घेतलाय."

मी भरला पेला घेऊन तिथेच थबकले. मार्चमध्ये! एप्रिलमध्ये तीनदा मी या माणसाच्या उंबऱ्यावर रडले होते, तेव्हा तो सूट आत कपाटात लटकत होता.