दादाची चौकट

सकाळी नऊला आमचा कॉल एकदाचा लागला आणि बॅटरी खुर्चीवर चढून नाचला. बॅटरी म्हणजे माझा प्रोजेक्टमधला जोडीदार. त्याचा फोन कायम दोन टक्क्यांवर असतो, म्हणून हे नाव. वर्षभर खपून आम्ही व्हिडिओ कॉल बनवला होता. ॲप नको, पासवर्ड नको, ब्राउझरमध्ये लिंक उघडली की माणूस समोर! शिवाय जो बोलेल त्याची चौकट आपोआप मोठी व्हायची. ही कल्पना माझी, आणि तिचा मला भारी तोरा होता.

अकराला सरांसमोर परीक्षा होती. त्यांची अट एकच: खरी माणसं, खऱ्या गप्पा. आजवर चाचणी आम्ही दोघांनीच घेतलेली, एकाच टेबलावर, आणि दोघंही बडबडे. म्हणून मी घरच्यांनाच कामाला लावलं. आई-बाबा घरून कॉलवर आले, दादा दुसऱ्या गावातल्या बाइंडिंगच्या कारखान्यातून, हाताला खळ लागलेली. चित्र इतकं स्वच्छ, की आईच्या चष्म्यावरचा पिठाचा ठिपका दिसत होता. मी तर हवेतच!

आई बोलली, आई मोठी झाली. बाबा खोकले, बाबा मोठे झाले. बोलता बोलता आईने मिक्सर लावला, तर मिक्सरही मोठा झाला.

दादा मात्र कोपऱ्यात, तिकिटाएवढा. हात जोरजोरात चाललेले. दादाला जन्मापासून ऐकू येत नाही, तो हातांनी बोलतो. नीट बोलता यायच्या आधी मी त्याच्याशी हातांनी भांडायला शिकले होते, आणि नियम लिहिताना मीच फक्त आवाज मोजला होता! माझी मलाच लाज वाटली.

"हे असं नाही दाखवायचं," मी म्हटलं.

"अगं, पावणेदहा झालेत! चालतंय ना?"

"नाही चालत. दादा दिसतच नाहीये."

बॅटरीने तोंड वाकडं केलं, पण लॅपटॉप पुढे ओढला.

आवाजाबरोबर हालचालही मोजायची ठरली. पहिल्याच झटक्याला बाबांच्या डोक्यावरचा पंखा पडदाभर गरगरायला लागला. "तुमच्या घरात सगळ्यात गप्पिष्ट हाच दिसतोय," बॅटरी म्हणाला. हसता हसता आम्ही फक्त मनगटं आणि बोटं ओळखणारा भाग जोडला. अकराला दोन मिनिटं उरली तेव्हा तो जोडून झाला. तपासायला वेळच नव्हता.

सर येऊन आमच्या लॅपटॉपसमोर बसले, तेही कॉलवर एका चौकटीत. मागे सगळा वर्ग. प्रोजेक्टरने उजळलेल्या भिंतीवर आई नुकतीच पाण्याच्या टाकीची कर्मकहाणी सांगून थांबली होती. तेवढ्यात दादाने हात उचलले. आई बारीक झाली आणि दादा भिंतभर!

मी किंचाळलेच.

"काय म्हणतायत ते?" सरांनी विचारलं.

मी स्वतःच्या स्वेटरकडे बघत मोठ्याने सांगत गेले, "मला म्हणतोय, तुझ्या अंगावरचा स्वेटर माझा आहे. चार महिने, दर रविवारच्या कॉलवर सांगतोय. आणि तू निर्लज्जासारखी तोच घालून बसतेस."

वर्गात हशा फुटला. आई मात्र हसली नाही. "अरे देवा," ती म्हणाली, "त्या एवढ्याशा फोनवर मला वाटायचं, हा बाय-बाय करतोय."

"मग मेसेज का नाही केलास?" मी हातांनी विचारलं.

"भांडण काय लिहून करतात?" दादा म्हणाला.

माझे डोळे भरून आले आणि हसूही आवरेना. सर खाकरले. "छान. आता माझा पहिला प्रश्न असा, की..." सरांची चौकट वाढायला लागली. दादाने ती पाहिली. त्याचं अजून संपलं नव्हतं. त्याने खळीने माखलेला हात वर केला आणि सरांना सरळ कोपऱ्यात बसवलं.

सत्तावीस वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्याने कुणाचं तरी बोलणं मध्येच तोडलं होतं.