दिवा विझल्यावर

रेडिओवर सकाळचा कार्यक्रम करणाऱ्या सकाळताईंचं तोंड लाल दिव्यावर चालायचं. स्टुडिओतला तो दिवा पेटला की जिभेवर साखर, आणि गाणं लागून तो विझला की तीच जीभ मोकाट. त्यांनाच काय नावं ठेवायची? रेडिओवर उभी हयात काढलेल्या प्रत्येकाची हीच गत. दिवा विझला म्हणजे माइक बंद, आणि माइक बंद म्हणजे आपण आपल्या घरात.

पण महिन्याच्या सुरुवातीला साहेबांनी टेबलासमोर स्टँड लावून त्यावर एक मोबाइल बसवला. साहेब म्हणजे ताईंच्या मुलीच्या वयाचे. "ताई, नुसत्या आवाजावर आता भागत नाही," ते म्हणाले. "लोकांना चेहरा बघायचाय. कार्यक्रमभर लाइव्ह राहायचं. किती लोक बघतात ते पाहू, मग तुमचा करार वाढवायचा की नाही ते ठरवू." तेव्हापासून ताई रोज लिपस्टिक लावून मोबाइलसमोर बसायच्या. बघणारे जेमतेम दहा-बारा, त्यातली एक पोटची पोरगी.

फर्माईशीला पहिला फोन नेहमी शिंपीकाकांचा. दुकान कधीच बंद झालेलं, घरात एकटा जीव. गाणं एकच मागायचे, पण त्याआधी गेलेल्या बायकोच्या चार आठवणी सांगायचे. ताई "हो का काका?" करत ऐकून घ्यायच्या. त्या सकाळी मात्र डोक्यात करार, आणि काका काही केल्या आवरेनात. एकदाचं गाणं लागलं, दिवा विझला, आणि ताई काचेपलीकडच्या इंजिनिअरला म्हणाल्या, "सुटले बाई. याची बायको मेली ती याच्या बडबडीनेच मेली असणार."

इंजिनिअर खो खो हसला. मग त्याची नजर मोबाइलवर गेली आणि त्याचं हसू मावळलं. त्या मेल्या मोबाइलला लाल दिव्याशी काय देणंघेणं? तो सगळं ऐकत होता.

दुपारी मुलीचा मेसेज आला, "आई, काय बोललीस हे? सगळीकडे फिरतंय." ताईंनी उघडलेला डबा तसाच झाकला. काकांचा नंबर त्यांच्याकडे होता. लावला, आणि वाजायच्या आत कापला. काकांच्या कानावर गेलं असेल तर माफी मागायलाच हवी. पण गेलंच नसेल तर? माफी मागायची म्हणजे आपल्याच तोंडाने सांगायचं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. ताई रात्रभर कूस बदलत राहिल्या.

सकाळी साहेबांनी बोलावलं, तेव्हा नोकरी गेली असंच धरून त्या आत गेल्या. साहेब हसत उठले. "ताई, लाखांनी बघितलंय! करार पक्का समजा. फक्त रोज असं एक टाकायचं. गाणं लागलं की कुणाची तरी फिरकी घ्यायची." ताईंना हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाजही वाटली.

फर्माईश सुरू झाली. पहिला फोन दुसऱ्याच कुणाचा तरी, दुसराही तसाच. शिंपीकाका अगदी शेवटी आले.

"ताई, नमस्कार. गाणं नेहमीचंच."

"सांगा ना काका, आज काय आठवलं?"

"काही नाही हो. तुमचा वेळ जातो."

फोन ठेवल्याचा आवाज आला. गाणं लागलं, दिवा विझला. काचेपलीकडे साहेब येऊन उभे होते. बोला, बोला म्हणून हाताने खुणावत होते. मोबाइलवर हजारो माणसं जमली होती, आणि कुणीतरी लिहिलं होतं, 'म्हाताऱ्याची घ्या ना आज.'

"गाणं थांबव," ताई इंजिनिअरला म्हणाल्या. "दिवा लाव."

दिवा लागला.

"काका, परवापर्यंत मी तुमचं ऐकायची ते नुसतं तोंडदेखलं. काल बोलले ते मात्र मनातलं होतं, आणि ते वाईट होतं. मला माफ करा. तुमचं सांगायचं राहिलंय. फोन लावा, मी थांबते."

आणि त्या खरंच थांबल्या. रेडिओवर गप्प बसण्यासारखं पाप नाही, हे त्यांनीच किती नवख्यांना शिकवलं होतं. साहेब काचेवर बोटं आपटत होते. टेबलावरचा फोन मुका पडून होता. ताई त्याच्याकडे बघत बसल्या, आणि मोबाइलवरचा आकडा वाढत राहिला.