बॅटरीवरचा मुराळी

आळेफाट्यावर कटलरीचं दुकान चालवणाऱ्या कुंडलिकनं बॅटरीवरची स्कूटर घेतली आणि त्याचे पाय जमिनीवर राहिनात. ना लायसन, ना पासिंग, ना पेट्रोलपंपावरची रांग. रात्री लाईट असली की खिडकीतून वायर सोडायची, सकाळी गाडी तयार. पेट्रोल महागलं की याच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. चहाच्या टपरीवर मोटरसायकलवाल्यांना तो मुद्दाम विचारायचा, "काय राव, आज किती जाळलं?" आणि कोणी न विचारताच सांगायचा, "आपली साठ किलोमीटर जाती. एका चार्जिंगवर."

साठ कंपनी सांगायची. एकटा सडपातळ माणूस, सपाट रस्ता आणि कोरी बॅटरी असली तर जातही असेल. पण दीड वर्षात बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्या होत्या. गाडी निम्म्यातच धापा टाकायची, दोघं बसले तर त्याच्याही आधी. नव्या बॅटऱ्यांचा भाव ऐकून कुंडलिक दुकानाच्या पायरीवरूनच मागे फिरला होता; पेट्रोलचे जेवढे पैसे वाचवले म्हणून फुशारक्या मारल्या, ते सगळे त्यातच जाणार होते. हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. बायकोला मात्र ठाऊक होतं. ती त्या गाडीवर बसायचीच बंद झाली होती.

आणि अशा गाडीवरून हे महाशय नागपंचमीला बहिणीला माहेरी आणायला, मुराळी म्हणून निघाले.

थोरली बहीण बयाबाई आणे गावाला दिली होती, घाटाच्या वर. तिची सासू ठकूबाई जुन्या वळणाची. माहेरून मुराळी दारात आल्याशिवाय सून पंचमीला पाठवायची नाही, हा तिचा नेम. कुंडलिकचा दरवर्षी ऐन सणात दुकानाचा धंदा, त्यामुळे बरीच वर्षं बयाबाईची पंचमी सासरीच गेली होती. यंदा आईनं अंथरुणावरून हट्ट धरला. "माझं काय आता खरं न्हाई. एक पंचमी बया घरात असू दे." कुंडलिकनं लगेच आण्याला फोन लावला. "आक्का, तयार ऱ्हा. गाडी घिऊन येतो. यष्टीत उभं ऱ्हायाचं काम न्हाई." बयाबाईनं ते सगळ्या आळीला सांगितलं, हेही त्याला मागाहून कळलं आणि बरं वाटलं.

त्याचा हिशोब असा, की कसंबसं वर पोचायचं, आक्काकडे जेवता जेवता गाडी चार्जिंगला लावायची आणि येताना घाट उतरणीचाच आहे.

बेल्हे मागं पडलं आणि घाटाच्या पहिल्याच वळणावर गाडीनं मान टाकली. कुंडलिक खाली उतरला आणि ढकलू लागला. मागून बेल्ह्याच्या नवाबची माणसं भरून नेणारी वडापची जीप आली. नवाबनं ब्रेक लावला.

"कुंडलिकभाऊ, काय झालं? टाका की गाडी टपावर."

"काय न्हाई रं. मोटार जरा गार करतोय."

जीपमधली माणसं हसली. "मी चारला खाली जातोय," जाता जाता नवाब म्हणाला. "आक्काला घिऊन या आण्याच्या फाट्यावर. जागा ठिवतो."

घाटमाथ्यावर येईस्तोवर कुंडलिकचा सदरा पाठीला चिकटला. गावाच्या अलीकडे त्यानं गाडी सावलीला लावली आणि बराच वेळ तिला विसावा दिला. थकलेली बॅटरी अशी थांबली की तिला थोडा दम येतो, हे त्याला सवयीनं कळलं होतं. मग तोंड पुसलं, भांग पाडला आणि शेवटच्या आळीपुरता तो गाडीवर बसून, हॉर्न वाजवत, रुबाबात आत शिरला.

दारात बयाबाई नवं लुगडं नेसून उभी. शेजारच्या बाया जमल्या. आवाज न करता चालणारी गाडी कुणी पाहिली नव्हती. ठकूबाई खाटेवरून उठून आली, सीटवर हात फिरवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आता म्हणा, माज्या सुनंला भाऊ हाय का न्हाई!" बयाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली तेव्हा तिची नजर भावाच्या भिजलेल्या पाठीवर गेली आणि तिथंच जरा थांबली.

कुंडलिकनं पहिलं काम केलं ते चार्जर लावायचं. दिवा लागेना.

"लाईट आता संध्याकाळी," मेहुणा धर्माजी म्हणाला. "आमच्याकडं दिवसा कुठली लाईट, पावणं?"

जेवताना कुंडलिक सारखा चार्जरच्या दिव्याकडे बघत होता. चार वाजता फाट्यावर नवाबच्या जीपचा हॉर्न वाजला. बयाबाई हळूच म्हणाली, "कुंडलिक, जीपनं जायाचं का? गाडी ऱ्हाऊ दे हितं. दाजी आणतील नंतर."

तेवढं 'हो' म्हणायचं होतं. पण बाया अजून ओट्यावर होत्या. ठकूबाई ऐकत होती. "आपली गाडी असताना? काय बोलती आक्का!" तो हसून म्हणाला. हॉर्न पुन्हा वाजला आणि जीप निघून गेली.

दिवस कलला तरी लाईट आली नाही. दिवेलागणीच्या आत निघायचं म्हणून ठकूबाईनं सुनेची ओटी भरली. पिशवी पुढ्यात ठेवली. आळीतल्या साऱ्या निरोपाला उभ्या राहिल्या. कुंडलिकनं किल्ली फिरवली. काट्यानं चक्क भरलेलं दाखवलं. गाडी उभी असली की तो नेहमीच तसं दाखवायचा. बयाबाई मागं बसली. गाडी निघाली, तीन-चार घरं ओलांडली आणि चावडीपुढे, सगळ्यांच्या देखत, घरंगळत थांबली. त्यानं मूठ पिळली. काही नाही. पुन्हा पिळली. ओट्यावर कुणीतरी फिसकन हसलं.

कुंडलिकला वाटलं, भुई दुभंगली तर बरं. "बॅटरी उतरली, आक्का. आपण यष्टीनं जाऊ," एवढंच सांगायचं होतं. त्यानं किल्ली काढून पुन्हा फिरवली.

तेवढ्यात बयाबाई खाली उतरली. मागं वळून मोठ्यानं म्हणाली, "मीच थांब म्हनलं त्याला! मला न्हाई जायाचं. सासूबाईस्नी अशा टाकून माजा पाय निघंना."

"मग दुपारधरनं नटलीस कशाला गं?" ठकूबाई कावली. "त्यो बिचारा एवढ्या लांबनं आला, त्याचा असा पानउतारा करायचा?"

आता सगळ्या बयाबाईला हसल्या. लहरी बाई, म्हणाल्या. ती पिशवी उचलून खालमानेनं घराकडे चालू लागली. कुंडलिककडे तिनं पाहिलंही नाही. तिच्या चालीवरून त्याला कळलं, की त्यानं घाटात गाडी ढकलली तिथपासूनचं सगळं तिला कळलं होतं. हाक मारायला अजून वेळ होता. चार पावलं धावून गेला असता तरी चाललं असतं. तो गाडीचा आरसा पुसत राहिला.

घाट बॅटरीशिवायच उतरला. बेल्ह्यापासून पुढं ढकलतच आला. वाटेत त्याला आपली एवढी शरम वाटली, की समोरून कुणाचा दिवा आला की तो तोंड फिरवायचा. पण घरी पोचल्यावर खरं सांगायचं, हे त्यानं पक्कं केलं होतं.

आई पडवीत उशीला टेकून बसली होती. "बया कुठंय?"

बायको चुलीपुढून उठून दारात आली. तिनं आधी गाडीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"तिलाच यायाचं नव्हतं," कुंडलिक म्हणाला. "ऐन वक्ताला न्हाई म्हनली."

आईनं पदरानं डोळे टिपले. "बया असं म्हनायची न्हाई रं. एवढी वर्सं बोलावलं न्हाई, त्याचा राग आला आसंल तिला. माजंच चुकलं. तू उद्या परत जा. म्हनावं, आई माफी मागती, पण एकडाव ये."

"बरं," कुंडलिक म्हणाला आणि तिच्या तोंडाकडे न बघता आत गेला.