बाहेरचा म्हणजे कोण

तिकिटाला भोक पाडताना उडालेला कागदाचा निळा गोल घामाने तिच्या मनगटाला चिकटला होता आणि निघता निघत नव्हता. सकाळच्या बोटीची सगळी माणसं धक्क्यावर उतरून, डोळ्यांवर हात धरून बेट न्याहाळत होती, आणि तिच्या डोक्यात मात्र एकच घोळत होतं – आज दुपारी सभा. पाहुण्यांवर कर बसवायचा की नाही? बसवला तर मागायचा कोणी? तिनेच, याच तिकिटाच्या खिडकीतून. ज्या तोंडाने 'या' म्हणायचं, त्याच तोंडाने...

धाकटी नणंद सकाळीच बजावून गेली होती, "वहिनी, हात वर केलास तर माझ्याशी गाठ आहे!" तिच्या चार खोल्या पाहुण्यांवरच चालत. अर्धी चेष्टा, अर्धं खरं. पण पाहुणे वाढले की उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसायचा, हेही खरं. ती खोल करायची म्हणून तर हा कर.

आणि तिला स्वतःला काय त्याचं? ती कुठे इथली! बावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन याच धक्क्यावर उतरली, बोट लागून हैराण, नव्या चपला हातात – सासूने तांब्याभर पाणी दिलं, ते किंचित खारं लागलं आणि तिने सगळ्यांदेखत तोंड वाकडं केलं... तेव्हापासून तिच्या तोंडी कायम 'तुमचं बेट', 'तुमची विहीर'. नवरा चिडवायचा, "अगं, परतीची बोट कधीच चुकली तुझी!"

सभा शाळेत होती. मुलांच्या बाकांत मोठ्यांचे गुडघे अडकलेले. निवृत्त मास्तरांनी वाचायला सुरुवात केली, "बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाने..."

"थांबा मास्तर," नणंद उठली. "बाहेरचा म्हणजे कोण? माझी लेक पलीकडे दिलीय. ती माहेरी आली की कर भरायचा?"

"छे, छे!"

"आणि जावई?"

"जावयाकडून दुप्पट घ्या!" मागून सुतार ओरडला. हशा पिकला.

"मग आमच्या वहिनीकडूनही घ्या की! तीही बोटीतूनच आली."

सगळी तोंडं तिच्याकडे वळली. ती उठली, गुडघा बाकावर आपटला. चेष्टेला चेष्टेनेच उत्तर द्यायचं होतं तिला, पण तोंडातून निघालं, "घ्या ना. पण आधी आपली विहीर खोल करा. ती आटली तर मी जाऊ कुठे?"

कुणालाच काही वेगळं वाटलं नाही. हसणारे हसतच राहिले. तिला मात्र ऐकू आलं – आपली. हे कोण बोललं?

बाहेरचा कोण ते काही ठरेना. मास्तरांनी विषय पुढच्या आठवड्यावर ढकलला. उतारावर नणंदेने तिच्या हातात हात अडकवला.

"खरं सांग, करणार होतीस हात वर?"

"माहीत नाही गं."

खरंच माहीत नव्हतं. कर मागताना खिडकीत जीभ अडखळेल... अडखळू दे. छातीत काहीतरी हलकं हलकं होत होतं, आणि चालता चालता ती जे दिसेल ते आपलंसं करत सुटली – आपला उतार, आपला धक्का, आपली ही भांडकुदळ नणंद...

"काय पुटपुटतेस?" नणंदेने विचारलं, आणि तिला असं काही हसू फुटलं की उत्तर देताच येईना.