ऊन लागलं म्हन

अकोल्यात मे महिन्यात माणूस कशानेही पडला तरी निदान एकच होतं, ऊन लागलं. उपाशीपोटी पडला, ऊन लागलं. बीपी वाढून पडला, ऊन लागलं. नवऱ्याशी भांडून एखादी बाई डोक्याला फडकं बांधून निजली तरी शेजारीण पन्हं घेऊन हजर. उपायही ठरलेला, कांदा बुक्कीनं फोडायचा आणि नाकाशी धरायचा. आमच्या रग्बीच्या टीममध्ये प्रत्येकीच्या किटबॅगेत आईनं कोंबलेला एक कांदा असायचाच. माझी अम्मी बाळापूरहून दर सोमवारी नवा पाठवायची. कांद्यावर माझा राग नाही. माझा राग माणसांवर आहे.

पौर्णिमाताई पहिल्यांदा पडली ती अकोल्याच्या मैदानावर, सरावात. मैदान म्हणजे तापून दगड झालेली काळी माती. समोरचीनं धरून पाडलं, टॅकल बसला, ताई उताणी पडली आणि तिचं डोकं मागून जमिनीवर आपटलं. मी सगळ्यात जवळ होते. तो आवाज मला ऐकू आला. बाकीच्या मुली धावत आल्या त्या कांदा घेऊनच. ताईनं डोळे उघडले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कोणी तिच्या टाळूवर पाणी ओतलं. झालं.

ताई भातकुलीची. कबड्डीतून रग्बीत आलेली आणि आमच्यातली एकटीच भारताकडून खेळलेली. गावच्या स्टँडवर तिचा फलक लागला होता. फोटो तिचा आणि हातात मात्र व्हॉलीबॉल चिकटवलेला, कारण रग्बीचा चेंडू कसा असतो हे फलकवाल्याला ठाऊक नव्हतं. पण फलकावर न लिहिलेली एक गोष्ट तिला आतून खात होती. भारताकडून ती जेव्हा जेव्हा खेळली, तेव्हा बदली म्हणूनच. सामना संपत आला की तिला आत सोडायचे. तिची आई आशाबाई मोबाइलसमोर बसून बसून कंटाळायच्या, आणि ताई मैदानात उतरायची तोवर नेमकी रेंज गेलेली असायची. मग गुडघा गेला, एक अख्खा हंगाम गेला. पोरगी आडदांड आहे म्हणून स्थळंही परत गेली. आता तिशी उलटली होती.

"मले एकदा पहिल्या शिट्टीपासून खेळाचं हाये मिस्बा," ती म्हणायची. "राष्ट्रगीत सुरू असते नं, तवा लाइनीत उभं राहाचं हाये. मंग बंद झालं तरी चालते."

भारताच्या शिबिरासाठी अमरावतीत निवड चाचणी होती. आमच्या टीममधून एकच जाणार होती. ताई आणि मी एकाच जागेवर खेळायचो. ती खेळली तर मी बाहेर बसणार, ती पडली तर मी उठणार. त्यामुळे ताईच्या डोक्याबद्दल बोलायला साऱ्या जगात सगळ्यात नालायक माणूस कोण, तर मी.

तरी बोलले. आमचे कोच देवमन सर मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसले होते. त्यांना म्हटलं, "सर, ताईले ऊन नाही लागलं. डोक्याले लागलं. डॉक्टरले दाखवा."

सरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "बेटा, तुले जागा पायजे, मले समजते. पण अशी नाही घेत कोणाची."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. देवमन सर वाईट माणूस असते तर बरं झालं असतं, चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. त्यांनी आम्हाला पोटच्या पोरींसारखं वाढवलं होतं. मी आशाबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "पन्हं पाज बाई तिले. अन् टोपी घालाले सांग."

आदल्या वर्षी आमच्या टीमच्या सराव शिबिरात ओर्ला नावाच्या एक आयरिश बाई शिकवायला आल्या होत्या. त्या आयर्लंडकडून पुष्कळ सामने खेळलेल्या. डोक्याला एकावर एक मार बसले आणि त्यांचा खेळ संपला. त्यांनी आम्हाला एक नियम पाठ करायला लावला होता. डोक्याला लागलेल्या खेळाडूला कशी आहेस म्हणून विचारायचं नाही, ती बरीच आहे म्हणणार. बोलायचं ते शेजारच्या खेळाडूनं. पहिला मार ओला असताना दुसरा बसला तर माणूस हाती लागत नाही, असंही त्या म्हणाल्या होत्या. तेव्हा ताई माझ्याच शेजारी बसून मान डोलवत होती.

अमरावतीला जाताना गाडीत ताईनं विचारलं, "माहे मोजे घेतले का वं मी?" घेतले म्हटलं. मूर्तिजापूर यायच्या आत तिनं पुन्हा विचारलं, त्याच आवाजात, त्याच काळजीनं. मी बॅग उघडून मोजे दाखवले. बडनेऱ्याला पुन्हा तेच. मग गाडी थांबवून ती रस्त्याच्या कडेला ओकली आणि देवमन सर पुढच्या सीटवरून म्हणाले, "ऊन."

मी खाली उतरून तिच्या पाठीवर हात ठेवला. "ताई, नोको खेळू. पाया पडते तुह्या."

"गप राय," ती तोंड पुसत म्हणाली. "कोणी इचारलं तं ऊन लागलं म्हन. समजलं? हे गेलं तं मले काहीच नाही मिस्बा. काहीच नाही."

तिचे डोळे पाहून मला भीती वाटली. विहिरीत पडलेल्या माणसानं दोर धरावा तसा तिनं माझा हात धरला होता.

चाचणीच्या सामन्यात ती खेळली मात्र अशी, की मी बाकावर बसून स्वतःला विसरले. दोघींना अंगावर घेऊन तिनं चेंडू शेवटच्या रेषेपार टेकवला, ट्राय केला. निवडणाऱ्या मंडळींनी एकमेकांकडे पाहून माना हलवल्या. आता तिची जागा पक्की होती, हे आम्हा सगळ्यांना कळलं होतं. आणि त्यानंतर समोरच्या मुलीला अडवताना तिचं डोकं त्या मुलीच्या कमरेच्या हाडावर आदळलं.

ती पडली. लगेच उठली. उठली आणि शांतपणे चालत जाऊन समोरच्या टीमच्या रांगेत उभी राहिली, आमच्याकडे तोंड करून. लोक हसले. "काय करून राहिली वं ही!" कोणीतरी ओरडलं. ताईही हसली, मग तिचे गुडघे वाकले.

"कांदा आना!"

मी बाकावरून उठून धावले. माझ्या अंगावर राखीव खेळाडूची जर्सी होती. ताईनं माझी कॉलर पकडून मला खाली ओढलं. "ऊन लागलं म्हन," ती पुटपुटली. "मिस्बा, बहीण नं माही? ऊन लागलं म्हन."

रेफरी बाहेरगावच्या बाई होत्या. "क्या हुआ?" त्यांनी विचारलं.

"धूप लगी है मॅडम," देवमन सर म्हणाले. "आत्ता उठते."

"सर पे लगा है," मी म्हणाले. "और आज पहली बार नहीं लगा."

ताईनं माझी कॉलर सोडली. ती माझ्याकडे नुसती पाहत राहिली. आजही डोळे मिटले की मला ती नजर दिसते. रेफरीनं तिला बाहेर काढायची खूण केली. ताईला दोघींनी उचललं आणि सर माझ्याकडे वळले.

"जा," ते म्हणाले. "भेटली नं जागा? खेळ आता."

मी खेळले. संतापानं खेळले, रडत खेळले, समोर येईल तिला आडवी केली. मी धावत असताना मैदानाच्या कडेला ताईची शुद्ध गेली. कांदा फोडला, तरी ती उठली नाही. दुसराही फोडला. तिला नागपूरला नेलं. डोक्यात रक्त साकळलं होतं, ऑपरेशन झालं. थोडा वेळ आणखी खेळली असती तर जिवंत आणलीच नसती, असं डॉक्टर म्हणाले. ते फक्त आशाबाईंनी ऐकलं. बाकीच्यांनी एवढंच पाहिलं, की बाळापूरच्या मिस्बानं ताईला बाहेर काढलं आणि शिबिरासाठी तिचंच नाव आलं. लोक आणखीही काही बोलले. ते शब्द मी इथे लिहीत नाही.

शिबिराला निघण्याआधी मी भातकुलीला गेले. स्टँडवरचा फलक उन्हानं पांढरा पडला होता. आशाबाईंनी मला दारातच थांबवलं. "तिले सकाळचं दुपारी आठवत नाही बाई. रोज इचारते, माहं नाव आलं का. आमी म्हनतो, अजून नाही आलं. तू बी तसंच म्हन."

मी मान हलवली नाही. खोटं बोलून बोलूनच तिची ही गत झाली, असं मला वाटत होतं.

ताई खाटेवर बसली होती. भादरलेल्या डोक्यावर रुमाल. मला पाहून तिचा चेहरा असा उजळला, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आली का वं! शिबिराचं नाव आलं का?"

"आलं ताई," मी म्हणाले. "माहं आलं."

तिला समजायला वेळ लागला. मग ती रडली, भिंतीवर हात आपटून रडली. तू मले काढलं, म्हणाली. तुले मी बहीण म्हटलं, म्हणाली. चालती हो, म्हणाली. मी बसून राहिले. मी खरं बोलले होते आणि खरं बोलून फार एकटी पडले होते. आशाबाईंनी चहा आणून ठेवला. ताईनं तोंड फिरवलं, चहा प्यायली, खिडकीतून निंबाकडे पाहत राहिली.

मग तिनं मान वळवली. चेहरा पुन्हा उजळला.

"मिस्बा! कधी आली वं? शिबिराचं नाव आलं का?"

आशाबाई दारात उभ्या होत्या. पदराचं टोक त्यांनी तोंडाशी धरलं.

"नाही ताई," मी म्हणाले. "अजून नाही आलं."

"येईन येईन," ती म्हणाली. "ट्राय केला नं मी." मग तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. "अन् तू काहून रडून राहिली?"

"ऊन लागलं," मी म्हणाले.

"अवं बाप्पा!" ताई धडपडत खाटेवरून उठली. "आई, कांदा आन वं लवकर. पोरीले ऊन लागलं."

आशाबाईंनी कांदा आणला. ताईनं तो जमिनीवर ठेवून बुक्कीनं फोडला आणि माझ्या नाकाशी धरला.